तोंडं झाकून वाचा: सुपरहिरो कॉमिकच्या एका अंकात विनोद पण सांभाळायचा आणि पात्रं पण

आमच्या पहिल्या अंकाची २२ पानं लिहून झाली तेव्हा मी ती चित्रं काढणाऱ्या मित्राला चहा पाजून वाचून दाखवली. तो हसला, बऱ्याच ठिकाणी हसला, मला वाटलं जमलं बुवा, आणि मग कप खाली ठेवून म्हणाला, "भारी आहे रे, पण तिघंही तूच आहेस."

राग आला. पण घरी येऊन परत वाचलं तर खरंच की, टीममधली ६३ वर्षांची बाई, २४ वर्षांचा पोरगा आणि तो दुसरा बडबड्या, तिघंही तेच माझे कट्ट्यावरचे पीजे मारत होते. त्यानंतर तो अंक मी चार वेळा नव्याने लिहिला आणि त्या चार वेळांत जे काय डोक्यात शिरलं ते इथे क्रमाने मांडतोय. गृहीत असं धरलंय की तुम्ही अमेरिकन पद्धतीचा एक अंक लिहिताय, म्हणजे २० ते २२ पानं, पानाला पाचसहा पॅनल (चित्रांच्या चौकटी), दोनतीन नायक आणि एक व्हिलन. चित्रं तुम्हीच काढत असाल तर उत्तमच, निम्मी भांडणं वाचतील.

लिहायच्या आधी एक पान नीट बघा

१९८७ चा 'जस्टिस लीग' अंक ५ मिळवा, बॅटमॅन आणि इतर सुपरहिरोंच्या टीमची सिरीज. प्लॉट कीथ गिफन, संवाद जे. एम. डीमॅटिस, चित्रं केविन मॅग्वायर. (सातव्या अंकापासून या सिरीजचं नाव 'जस्टिस लीग इंटरनॅशनल' झालं, शोधताना गोंधळ होतो म्हणून सांगितलं.) यात गाय गार्डनर नावाचा एक ग्रीन लँटर्न आहे, तोंडाळ, उद्धट, सारखा कोणाच्या तरी अंगावर जाणारा, आणि पहिल्या अंकापासून त्याचं एकच तुणतुणं की टीमचा लीडर मी. पाचव्या अंकात तो बॅटमॅनला भिडतो, मर्दानगी दाखवायला बोटातली अंगठी, म्हणजे जिच्यात त्याची सगळी ताकद तीच, स्वतःच काढून टाकतो, आणि बॅटमॅन त्याला एका ठोशात झोपवतो. एकच. टीममधलाच ब्लू बीटल हसून हसून बेजार होतो, आणि टीममधली ब्लॅक कॅनरी उशिरा येते म्हणून तिचं हे हुकतं तर तिला त्याचंच वाईट वाटतं.

हे पान लोकांना आजही आठवतं, पण का हसू येतं ते जरा थांबून बघा. बॅटमॅन विनोद करत नाही. तो आधीच्या चार अंकांत जसा होता तसाच आहे, कमी बोलणारा, वेळ न घालवणारा, आणि त्याने जे केलं ते बॅटमॅनने केलंच असतं. गाय पण गायसारखाच वागला, अंगठी काढणं हा मूर्खपणा पूर्ण त्याचा स्वतःचा. बीटल हसला कारण तो त्या टीममधला मागच्या बाकावरचा पोरगा आहे. म्हणजे तिथे तीन स्वभाव एका खोलीत होते आणि तिघंही आपापल्या स्वभावाला धरून वागले, एवढंच झालं, जोक असा कोणी मारलाच नाही.

मला जे सांगायचंय ते सगळं या एका पानात आहे खरं तर. जो विनोद एका पात्राच्या तोंडून काढून दुसऱ्याच्या तोंडी घातला तरी तसाच चालतो, तो विनोद लेखकाचा, पात्राचा नाही. कितीही भारी असला तरी काढा. मी असे अकरा काढले, त्यातल्या दोघांची आठवण अजून येते.

पायरी १: पाच ओळींचं कार्ड

पात्राची चार पानी कुंडली लिहू नका, ती तुम्ही पण परत वाचत नाही. एका कार्डावर फक्त पाच ओळी लिहा: त्याला काय हवंय, कशाची लाज वाटते, घाबरल्यावर काय करतो, ताकद आणि स्वभाव यांचं भांडण कुठे आहे, आणि कोणतं वाक्य तो मेला तरी बोलणार नाही.

चौथी ओळ सगळ्यात कामाची. आमची तीन पात्रं सांगतो म्हणजे पुढची उदाहरणं कळतील. सुलभाबाई, वय ६३, गणिताच्या रिटायर्ड शिक्षिका, अफाट ताकद, ट्रक उचलतात, पण आयुष्यभर काम जरबेने झालंय त्यामुळे हात उचलणं त्यांना कमीपणाचं वाटतं. मंदार उडतो, कुठेही जाऊ शकतो, पण इतका भिडस्त की न विचारता कोणाच्या गच्चीवर उतरायला त्याला संकोच होतो. निखिल अदृश्य होतो, आणि त्याला जगात सगळ्यात जास्त काय हवंय तर लोकांनी आपल्याकडे बघावं. एवढं भांडण जमलं की निम्मे विनोद आपोआप पडतात, तुम्ही फक्त प्रसंग समोर ठेवायचा.

मोठ्या सिरीजमध्ये पण हेच दिसतं. बूस्टर गोल्ड १९८६ मध्ये आला, डॅन जर्गन्सने काढलेला. २५व्या शतकातला अमेरिकन फुटबॉल खेळणारा, स्वतःच्याच मॅचवर सट्टा लावताना सापडला, बदनाम झाला, म्युझियममध्ये रात्रपाळीचा वॉचमन झाला, आणि तिथलीच सामग्री ढापून भूतकाळात आला, नाव आणि पैसा कमवायला. आता हाच बूस्टर पुढे लीगमध्ये येऊन ब्लू बीटलसोबत लीगच्या पैशांतून एका बेटावर कसिनो उघडतो आणि ते बेट जिवंत निघतं, पोहत निघून जातं, हे ऐकायला निव्वळ येडेपणा वाटतो ना? पण सट्ट्याने ज्याचं आयुष्य बुडवलं तो माणूस कसिनोच उघडणार. विनोद कितीही सुटलेला असू दे, त्याची दोरी पात्राच्या कार्डाला बांधलेली पाहिजे.

पाचवी ओळ गंमत म्हणून टाळू नका. सुलभाबाईंच्या कार्डावर मी लिहिलं, 'मला माहीत नाही' हे बाई कधीच म्हणणार नाहीत. त्याच्यामुळे १९व्या पानावर जेव्हा त्या ते म्हणतात, तेव्हा त्या पॅनलला दुसरं काही करायची गरजच पडली नाही.

पायरी २: कोण कोणाला 'तू' म्हणतं

ही सोय इंग्रजीत लिहिणाऱ्यांना नाही, आणि आपण मराठीत लिहून ती वाया घालवतो याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. एक चौकोनी तक्ता करा, उभ्या बाजूला बोलणारा, आडव्या बाजूला ज्याच्याशी बोलतोय तो, आणि प्रत्येक घरात तू, तुम्ही, अहो, अरे, ताई, बाई, सर, काय असेल ते भरा.

आमच्या तक्त्यात मंदार सुलभाबाईंना 'बाई' म्हणतो कारण तो त्यांचा आठवीचा विद्यार्थी. निखिल त्यांना 'ताई' म्हणतो कारण तो सगळ्यांशीच जवळीक करायला बघतो, आणि बाईंना ते अजिबात आवडत नाही. व्हिलनचं नाव भोंगा, आवाजाने काचा आणि पूल फोडतो, त्याला निखिल 'तू' म्हणतो, बाई 'तू' म्हणतात, आणि मंदार 'तुम्ही' म्हणतो. मारामारी चालू असताना. "तुम्ही जरा बाजूला होता का, मला तुम्हाला मारायचंय" हे वाक्य लिहिताना मला काहीच कष्ट पडले नाहीत, ते तक्त्यातच होतं.

तक्त्याचा दुसरा उपयोग असा की त्यातला एक शब्द बदलला की वाचकाला झटका बसतो. अख्ख्या अंकात 'तुम्ही' म्हणणारा मंदार २०व्या पानावर भोंग्याला "थांब" म्हणतो. थांबा नाही, थांब. एका कान्याचा फरक, पण वाचकाला कळतं की पोरगा आता खरंच चिडलाय. मात्र हे जमायला आधीची १९ पानं काटेकोर पाहिजेत, मध्येच कुठे चुकून 'तू' पडलं असेल तर सगळं पाण्यात.

पायरी ३: पानांचा नकाशा

इथे थोडक्यात सांगतो, कारण हे कागदावर करून बघितल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. छापील अंकात पान १ उजवीकडे येतं, म्हणजे सगळी विषम पानं उजवीकडे आणि सम पानं पान उलटल्यावर डावीकडे. तर ज्या विनोदात धक्का आहे त्याची तयारी विषम पानाच्या शेवटच्या पॅनलमध्ये आणि धक्का सम पानाच्या पहिल्या पॅनलमध्ये. धक्का समोरासमोरच्या पानावर टाकलात तर वाचकाची नजर आधीच तिकडे जाऊन येते आणि तुमचा जोक फुकट. फोनवर वाचायचं कॉमिक असेल तर हे गणित वेगळं, तिथे धक्का स्क्रीनच्या खाली लपेल एवढं अंतर मध्ये सोडा.

२२ छोटे चौकोन काढा आणि प्रत्येकात एकच शब्द लिहा, हसू, ताण, मार, शांत, असा. सलग तीन चौकोनांत 'हसू' आलं तर मधलं एक उडवा.

पायरी ४: एक पान, दोनदा लिहिलेलं

आता खरं काम. प्रसंग असा: भोंग्याने पुलाचा कठडा फोडलाय, एक बस अर्धी बाहेर लटकलीय, आत माणसं. माझा पहिला ड्राफ्ट, लाज सोडून देतोय:

सुलभाबाई: "आता मात्र बस झालं!"
निखिल: "बस का? रिक्षा नाही मिळाली?"
मंदार: "आज आपण पुरते 'बस'लो!"

हसू नका. म्हणजे हसा, पण माझ्यावर. नावं झाकली तर कोण काय बोलतंय कळत नाही, तिघंही मीच. आणि त्याहून वाईट म्हणजे आतल्या माणसांचं काय होणार याची काळजी कोणालाच नाही, मग वाचकाला तरी का वाटावी. संकट चालू असताना नायक कोट्या करायला लागला की संकटच खोटं वाटायला लागतं.

चौथा ड्राफ्ट:

पॅनल १. बस लटकलेली. मागचा बंपर दोन्ही हातांनी धरून सुलभाबाई, टाचा डांबरात रुतल्यात. शब्द नाहीत.

पॅनल २. मंदार खिडकीपाशी हवेत. "सॉरी हां, आत येऊ का?" खिडकीत एक आजी: "चपला काढून ये."

पॅनल ३. मंदार हवेत तरंगत, खरोखर बुटाची लेस सोडतोय. मागे बस अजून एक फूट घसरलेली. शब्द नाहीत.

पॅनल ४. सुलभाबाईंचा चेहरा, घाम, दात आवळलेले: "शेवटची दहा सेकंदं! पुरवण्या बांधून घ्या!"

पॅनल ५. रस्त्याच्या कडेला भेदरलेली चार लहान पोरं, शेजारी मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेतून निघालेलं बलून (संवादाचा फुगा): "चार पोरं काढली मी. चार. कोणी मोजतंय का?"

आता बघा, इथे कोणीही गंमत करत नाहीये. मंदारला खरंच संकोच वाटतोय, आजींना खरंच बस स्वच्छ हवीय, बाईंना घाई झाली की तोंडातून ३५ वर्षं परीक्षा घेताना पाठ झालेलं तेच वाक्य निघतं, आणि निखिलला खरंच वाईट वाटलंय. चौघांच्या दृष्टीने प्रसंग पूर्ण गंभीर. माझ्या मते सुपरहिरो कॉमिकमधल्या विनोदाची निम्मी मेख हीच, की आपण विनोदी आहोत हे पात्राला माहीत नसतं. आणि बस घसरतेच आहे, ताण कमी नाही झाला, उलट त्या लेसमुळे वाढला.

पॅनल ३ कडे परत एकदा बघा. तिथे मी आधी मंदारचं मनातलं बोलणं टाकलं होतं, "आजी बरोबर बोलतायत, कोणाच्याही घरात असं..." वगैरे दोन ओळी. मित्राने त्या न विचारता खोडल्या आणि त्याऐवजी मंदारची जीभ थोडी बाहेर काढून दाखवली, गाठ सोडताना लहान मुलं काढतात तशी. भांडायला तोंड उघडलं होतं मी, चित्र बघून मिटलं. चेहऱ्यावर जे दिसतंय ते बलूनमध्ये लिहायचं नाही. मॅग्वायरची जस्टिस लीग बघा, तिथे एखादं पात्र काही न बोलता नुसतं दुसऱ्याकडे बघतं आणि तेवढ्यात पान वसूल होतं.

आणि शब्दांच्या बाबतीत हात आखडता. सहा पॅनलच्या पानात पॅनलमागे ३५ च्या वर शब्द नकोत असा इंग्रजी कॉमिक्समधला जुना हिशोब आहे. मी मराठीत वीसच्या आसपास थांबतो, कारण आपले शब्द लांब ('उचलायच्याऐवजी' हा एक शब्द आहे!) आणि वरच्या वेलांट्या, रफार, खालचे उकार यांना ओळींच्या मध्ये जागा लागते. ती नाही दिली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो आणि वाचक विनोदाच्या ऐन क्षणी अक्षरं लावत बसतो.

पायरी ५: मराठी वाक्याचं शेपूट

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, वाचून दाखवताना कळलं. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ज्या शब्दावर हसू फुटायला पाहिजे तो मधेच येऊन जातो आणि शेवटी 'आहे', 'होतं', 'लागतं' असलं काहीतरी पुचाट उरतं. उदाहरणार्थ, निखिलचा सूट बघून भोंगा विचारतो हा कुठून आणला. "हा सूट माझ्या आईने शिवलेला आहे." काही मजा नाही. "शिवलाय. आईने." मजा आहे. बोलताना आपण शब्द असे पुढेमागे करतोच, लिहायला बसलो की मात्र शाळेतला निबंध आठवतो.

प्रत्येक विनोदी बलूनचा शेवटचा शब्द गोल करा. तो 'आहे' असेल तर वाक्य फिरवा किंवा 'आहे' उडवा. अपवाद सुलभाबाई, त्या पूर्ण वाक्यातच बोलतात, कर्ता कर्म क्रियापद, कारण तो त्यांचा स्वभाव, आणि मग त्यांच्या तोंडचं अर्धवट वाक्य ही बातमी होते.

आवाज पण पात्राप्रमाणे ठरवा. बाईंच्या हाताखाली वस्तू 'कर्रकच्च' वाजते, मंदार उतरतो तेव्हा नुसतं 'टप्', निखिल कुठेही आदळला की 'धप्प' आणि मागोमाग 'आई गं'. फास्टर फेणेचं 'ट्टॉक' आठवतंय ना, इतकी वर्षं झाली तरी ते एक अक्षर ऐकलं की तो पोरगा डोळ्यापुढे उभा राहतो. भा. रा. भागवतांनी ते प्रत्येक वाक्याला नाही वापरलं, हे पण लक्षात घ्या.

पायरी ६: परत परत येणाऱ्या विनोदाला कामाला लावा

एकच गंमत अंकात तीनदा आणायची असेल तर तिसऱ्यांदा तिने कथेत काहीतरी काम केलं पाहिजे, नाहीतर ती सवय होते. सुलभाबाईंच्या कानात मशीन आहे. पान ३ वर त्या ते काढून ठेवतात कारण निखिलची बडबड ऐकायची नसते, तो अर्धं पान बोलतो आणि त्या शब्दकोडं सोडवतात. पान ९ वर मशीनची बॅटरी जाते आणि मंदारचं "बाई, भोंगा!" हे त्यांना "बाई, सोंगा?" असं ऐकू येतं (हा विनोद बरा आहे, फार नाही, पण त्याचं काम वाचकाला मशीनची आठवण करून देणं एवढंच). आणि पान २० वर, भोंगा शेवटचा मोठा आवाज काढणार, मंदार कान धरून खाली बसलाय, निखिलचं कुठे काय झालंय दिसतच नाही, तेव्हा बाई शांतपणे हात कानाकडे नेतात आणि मशीन काढून पर्समध्ये ठेवतात.

तिथे हसू पण येतं आणि अंगावर काटा पण येतो, असं निदान आम्हाला वाटतं. ताकदीने नाही, तर पान ३ वर ज्या स्वभावाने निखिलला गप्प केलं त्याच स्वभावाने त्या भोंग्याला हरवतात.

स्क्विरल गर्लची २०१५ ची सिरीज, रायन नॉर्थ आणि एरिका हेंडरसनची, अख्खी याच तत्त्वावर चालते. डोरीन ग्रीन, म्हणजेच स्क्विरल गर्ल, ही कॉलेजला कॉम्प्युटर सायन्स शिकणारी मुलगी, खारींशी बोलते, आणि समोर कितीही मोठा व्हिलन असू दे, ती त्याला हाणण्याआधी विचारते की बाबा तुझा प्रॉब्लेम काय आहे. गॅलॅक्टस पृथ्वी खायला निघतो, तर ती त्याची भूक हाच प्रश्न समजून त्याला दुसरा ग्रह शोधून देते, नट्सने भरलेला. वाचताना हसता, आणि मग लक्षात येतं की ती यापेक्षा वेगळं काही करूच शकली नसती.

पायरी ७: कुठे तोंड बंद

बडबड्या पात्राचं सगळ्यात मोठं अस्त्र म्हणजे त्याचं गप्प बसणं. स्पायडरमॅन १९६२ पासून मारामारी करताना अखंड टकळी चालवतो, आणि तो विनोद नसून भीती लपवणं आहे असं मी तरी वाचत आलोय, शाळेत दबून राहणारा पीटर मास्क चढवला की बोलत सुटतो. आता 'अमेझिंग स्पायडरमॅन' अंक ३३ काढा, १९६६ चा, स्टीव्ह डिटकोची चित्रं. तो टनावारी लोखंडाखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय, मे काकूचं औषध समोर पडलंय आणि हात पोचत नाही. पानंच्या पानं तो ते वजन उचलायचा प्रयत्न करतो. तिथे टवाळी नाही. स्वतःशीच बोलतो, पण ते बोलणं वेगळं. एरवीची टकळी इतकी अंगवळणी पडलेली असते म्हणून तिचं नसणं तिथे कानात वाजतं.

तुमच्या अंकात असं एक ठिकाण ठरवा, एकच, आणि नकाशावर त्या चौकोनाभोवती लाल पेनने रेघ मारा. तिथे विनोद सुचला तरी लिहायचा नाही, आणि सुचतोच, ताण आला की लेखकालाच जोक मारून पळायचं असतं, पात्राला नाही. आमच्याकडे ते पान १८. निखिल ढिगाऱ्याखाली, अदृश्य, कुठे आहे कोणालाच दिसत नाही, आणि तो बोलत नाहीये. चार रिकामे पॅनल, नुसता ढिगारा. पान १९ वर मंदार विचारतो, "बाई, तो कुठे आहे?" आणि बाई म्हणतात, "मला माहीत नाही."

काही गोष्टी ज्या जपून

वाचकाशी थेट बोलणं. जॉन बर्नची शी-हल्क १९८९ मध्ये पहिल्याच कव्हरवर वाचकाला दम देते की माझा अंक घेतला नाहीस तर घरी येऊन तुझे एक्स-मेनचे अंक फाडीन, आणि ते भारीच आहे, पण तिथे ती अख्ख्या सिरीजची रीत आहे. तुमच्या अंकात २१ पानं कोणी वाचकाकडे बघत नाही आणि २२व्या पानावर एकाने डोळा मारला तर ती लेखकाची खोडी दिसते.

चालू मीम आणि रील्सवरचे डायलॉग नकोत. चित्रं काढून अंक हातात येईपर्यंत सहासात महिने जातात, तोवर ते शिळं होतं.

आणि एकाला तरी सरळ ठेवा. सगळेच इरसाल असले की कोणीच इरसाल वाटत नाही. जस्टिस लीगमध्ये तो भार बॅटमॅन आणि मार्शियन मॅनहंटरने उचलला. तिथल्या मॅनहंटरला बिस्किटांचं वेड लावलं, तेही चाललं, कारण तो बिस्किटं पण तितक्याच गांभीर्याने खातो.

पायरी ८: तोंडं झाकून वाचा

लेटरिंग, म्हणजे बलूनमधले शब्द लिहून, झाल्यावर प्रिंट काढा. पांढऱ्या कागदाचे तुकडे कापून प्रत्येक पॅनलमधल्या पात्रांवर ठेवा, फक्त बलून दिसतील असे, आणि ज्याने स्क्रिप्ट वाचलेली नाही अशा माणसाला द्या. प्रत्येक बलूनवर त्याने पेन्सिलीने लिहायचं, हे कोण बोलतंय. दहापैकी आठ बरोबर आले तर पुढे जा, हा आकडा आमचा आम्हीच ठरवलाय. जिथे चुकतं तिथे बहुतेक वेळा दोन कारणं असतात, एकतर वाक्य नुसतं माहिती देतंय ("भोंगा पुलाकडे चाललाय!" हे कोणीही बोलेल), नाहीतर तो लेखकाचा पीजे आहे. माहितीच्या वाक्याला स्वभाव चिकटवा. मंदार: "भोंगा पुलाकडे चाललेत... चाललाय." झालं की.

आम्ही हे कागद मित्राच्या आईला दिले. काकूंनी कॉमिक आयुष्यात वाचलं नव्हतं, चष्मा लावून बसल्या, बरेचसे बरोबर ओळखले, आणि पान १७ वर थांबल्या. म्हणाल्या, "ही बाई बसच्या ड्रायव्हरला आधी अहो म्हणत होती, आता अरे म्हणतेय. ही तीच बाई ना?"

पान ६, "अहो, ब्रेक लावा!" पान १७, "अरे, त्या पोरांना घेऊन लांब जा." माझा तक्ता भिंतीवर चिकटवलेला, तरी ड्रायव्हरची ओळ त्यात मी घेतलीच नव्हती. पान १७ ची चित्रं आणि शाई दोन्ही झालेलं, बलून मोठं करायला जागा नाही, आणि 'जा' चं 'जावा' करून टाक असं मित्र म्हणायला लागला, जे बाई मेल्या तरी म्हणणार नाहीत. मग पान ११ वर एक पॅनल होतं, ड्रायव्हर फुटपाथवर पाणी पितोय आणि बाई नुसत्या त्याच्याकडे बघतायत, तिथे वर थोडी जागा होती. तिथे एक छोटं बलून बसवलं.

"तू आठवी ब ना रे? शेवटचा बाक?"

आणि ड्रायव्हरच्या हातातली पाण्याची बाटली मित्राने थोडी तिरकी करून शर्टवर सांडवली.